नैनीतालच्या नळाला तलावाचं पाणी येतं, पण ते तलावातून उपसत नाहीत! मग येतं कुठून?

नैनीतालला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फोटो असतोच. मागे डोंगर, मध्ये हिरवट तलाव, पुढे रंगीत होडी आणि होडीत आपण. पण तलावाच्या वरच्या टोकाला, म्हणजे मल्लीताल भागात, एक मोठं सपाट मैदान आहे. तिथले लोक त्याला 'फ्लॅट्स' म्हणतात. तिथं क्रिकेट आणि फुटबॉलचे सामने होतात, बाजूला खाण्याच्या गाड्या लागतात, शेजारीच नैनादेवीचं मंदिर आहे. त्या मैदानाचा फोटो फारसं कोणी काढत नाही.

खरं तर काढायला हवा. कारण नैनीतालकर जे पाणी पितात, त्याची खरी गोष्ट तलावाच्या या काठालगत आणि जमिनीखाली घडते. तलावात मोठा पाइप सोडून पाणी खेचायचं आणि शुद्धीकरण केंद्रात नेऊन साफ करायचं, अशी साधी व्यवस्था इथं असेल असं आपल्याला वाटतं. पण इथं काठापासून शंभर मीटरच्या आत कूपनलिका खणल्या आहेत आणि पाणी त्यातून उपसलं जातं. पाणी मूळचं तलावाचंच. फक्त ते तलावाच्या तळातून जमिनीत मुरतं, दगड-वाळूच्या थरातून सावकाश वाट काढत कूपनलिकेपर्यंत येतं आणि या प्रवासात बऱ्यापैकी स्वच्छ होतं.

या पद्धतीला 'बँक फिल्ट्रेशन' म्हणतात. इथं बँक म्हणजे काठ, पैशांची बँक नव्हे. मराठीत आपण काठगाळण म्हणू.

आता यात दोन प्रश्न आहेत. माती पाणी साफ कसं करते? आणि ही इतकी स्वस्त सोय असेल, तर ती सगळीकडे का नाही? त्यासाठी आधी थोडं नैनीतालच्या जमिनीत डोकावू.

एक दरड आणि एक मैदान

१८ सप्टेंबर १८८०. दोन दिवस धो धो पाऊस सुरू होता. नैनीताल तेव्हा इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण म्हणून नावारूपाला येऊन जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या 'शेर का डांडा' या डोंगराचा उतार सुटला आणि काही क्षणांत खाली आला. एक हॉटेल, नैनादेवीचं जुनं मंदिर, तलावाकाठच्या इमारती, सगळं गाडलं गेलं. १५१ माणसं मेली. या मलब्यानं तलावाच्या टोकाला असलेल्या सपाट जागेत मोठी भर घातली. आज ज्याला फ्लॅट्स म्हणतात ते मैदान असं वाढलेलं आहे.

दरड कोसळणं इथं नवीन नव्हतं आणि आजही नाही. डोंगरावरून वेळोवेळी आलेले दगडगोटे, खडी, वाळू आणि माती यांचे थर काठालगत साचलेले आहेत. असा सुटा, पोकळ्या असलेला थर पाणी धरून ठेवतो आणि पुढेही जाऊ देतो. भूजलशास्त्रात अशा थराला जलधर म्हणतात. ज्या भुसभुशीतपणामुळे डोंगर धोकादायक ठरतो, त्याच भुसभुशीत मालाचा खाली साचलेला थर पाण्याची गाळणी होऊन बसला आहे.

तलावाचं पाणी थेट का घेत नाहीत?

नैनी तलाव दिसायला देखणा आहे, पण तो आकारानं लहान आहे. लांबी साधारण दीड किलोमीटरच्या आत, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त खोली २७ मीटरच्या आगेमागे. त्याच्याभोवती कड्याकड्यांनी शहर वाढलेलं. डोंगरावरचे साठेक नाले तलावात येतात. इंग्रजांच्या काळात हे नाले बांधले ते पावसाचं पाणी उतारात मुरू नये आणि पुन्हा दरड कोसळू नये म्हणून. पण पुढे त्याच नाल्यांतून कचरा, बांधकामाचा राडारोडा आणि सांडपाणीही तलावात यायला लागलं.

सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतं. ते शेवाळाचं खाद्य. शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. नैनी तलावाच्या तळाकडच्या पाण्यात प्राणवायू इतका कमी झाला होता की २००७ पासून तळाशी नळ्या टाकून हवा सोडावी लागली. मत्स्यालयात बुडबुडे सोडतात ना, तोच प्रकार, फक्त अख्ख्या तलावासाठी. त्याआधी १९९५ मध्ये तलावाची दुरवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. इतिहासाचे अभ्यासक अजय रावत यांनी केलेल्या याचिकेवर न्यायालयानं तलावातलं सांडपाणी आणि भोवतालची बांधकामं रोखण्याचे आदेश दिले होते.

असं पाणी थेट उचलून वाळूच्या फिल्टरमधून काढणं सोपं नसतं. शेवाळ आणि पाण्यातले सूक्ष्म प्राणी फिल्टर तुंबवतात, काही आरपार निघून जातात. म्हणून १९९० पासून नैनीतालमध्ये काठावरच्या कूपनलिकांचं पाणी वापरायला सुरुवात झाली.

पाणी जमिनीखालून जातं तेव्हा नेमकं काय होतं?

आपल्याकडच्या पाझर तलावाचं उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव पाझर तलाव झाले. तलावात पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि खालच्या बाजूच्या विहिरींना पाणी वाढलं की उपसायचं. काठगाळण त्याचंच भावंड आहे. फरक इतकाच की इथं पाणी नुसतं मुरण्याची वाट बघत बसत नाहीत, ते ओढून आणलं जातं.

कूपनलिकेतून पंपानं पाणी उपसलं की तिच्याभोवतीची भूजलाची पातळी खाली जाते. ती तलावाच्या पातळीपेक्षा खाली गेली की उतार तयार होतो आणि तलावाचं पाणी तळातून, काठातून जमिनीत शिरून कूपनलिकेकडे सरकायला लागतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. वर होड्या चालू असतात.

सगळ्यात जास्त काम पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच होतं. तलावाच्या तळाशी गाळ, शेवाळ आणि असंख्य जिवाणू यांचा एक पातळ, बुळबुळीत थर असतो. बारीक कण, शेवाळ आणि मोठे जीव इथंच अडकतात. पण ही नुसती चाळणी नाही, ती जिवंत आहे. तिच्यातले जिवाणू पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ खातात आणि त्यांच्याहून मोठे सूक्ष्मजीव रोगजंतूंना खातात. घरातल्या फिल्टरचं कँडल आपण घासून साफ करतो. इथं मात्र तो बुळबुळीत थरच कामाचा असतो.

त्यापुढे पाणी वाळू आणि खडीतून जातं. तिथं विषाणूंसारखे अतिसूक्ष्म घटक कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात. बाकीचं काम वेळ करतो. माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या जिवाणूंना थंड, अंधाऱ्या, खायला फारसं काही नसलेल्या जमिनीत फार काळ तग धरता येत नाही. पाणी जितके दिवस जमिनीत, तितके ते कमी. म्हणून कूपनलिका अगदी काठाला चिकटून खणत नाहीत. फार लांबही खणून चालत नाही, कारण मग तलावाचं पाणी तिच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही.

वाळू काय करू शकते याचा एक जुना आणि भयंकर पुरावा जर्मनीत आहे. १८९२ मध्ये हॅम्बुर्गला कॉलरा पसरला आणि आठ हजारांहून जास्त माणसं गेली. शेजारच्या आल्टोना शहराची परिस्थिती खरं तर वाईट होती. ते एल्बे नदीवर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला होतं, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी त्यांच्या वाट्याला यायचं. तरी तिथं कॉलरा फार कमी पसरला. हॅम्बुर्ग नदीचं पाणी न गाळता देत होतं आणि आल्टोना ते वाळूतून सावकाश गाळून देत होतं, हा फरक. दोन शहरांची हद्द एका रस्त्यावर मिळत होती आणि साथ जवळजवळ त्या हद्दीवर थांबली होती. काठगाळणीत हेच काम माणसानं बांधलेल्या हौदाऐवजी जमीन करते.

नैनीतालच्या पाण्यात काय सापडलं?

रुरकीच्या संशोधकांनी तलावाचं पाणी, वाळूच्या फिल्टरमधून काढलेलं पाणी आणि कूपनलिकांचं पाणी तपासून पाहिलं. तेव्हा तिथं सात कूपनलिका होत्या, २२ ते ३७ मीटर खोल. तलावाच्या पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू भरपूर होते. कोलिफॉर्म सापडणं म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची शंका. वाळूच्या फिल्टरमधून गेलेल्या पाण्यातही ते उरले होते. कूपनलिकांच्या पाण्यात मात्र ते आढळले नाहीत, आणि सेंद्रिय पदार्थांचं प्रमाणही बरंच उतरलेलं होतं. म्हणजे खर्चीक शुद्धीकरण न करता, फक्त क्लोरीन घालून ते पाणी देता येत होतं.

बदल उलट दिशेनंही होतो, हे लक्षात घ्या. पाणी दगडमातीतून जाताना त्यातले क्षार विरघळवून घेतं. त्यामुळे कूपनलिकेचं पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जास्त जड असतं. आरोग्याला त्यातून मोठा धोका नसतो, पण किटलीच्या तळाशी पांढरा थर जरा लवकर धरतो.

इथं कोणी विचारेल, कूपनलिकेतलं पाणी तलावाचंच आहे हे कशावरून? डोंगरातून मुरलेलं साधं भूजलही असू शकतं की! प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर शोधायची रीत मला या सगळ्यात सर्वांत आवडली. पाण्याच्या काही रेणूंमध्ये ऑक्सिजनचा जरा जड प्रकार असतो. तलावाच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होताना हलके रेणू आधी उडून जातात आणि जड मागे उरतात. म्हणजे तलावात मुक्काम केलेल्या पाण्यावर एक छाप पडते. पावसाचं जे पाणी थेट डोंगरात मुरलं, त्याच्यावर ती नसते. कूपनलिकेच्या पाण्यात ही छाप किती हे मोजलं की त्यात तलावाचा वाटा किती ते कळतं.

या मोजणीतून दिसलं की वाटा ऋतूनुसार बदलतो. पावसाळ्यात डोंगरातून भरपूर भूजल तलावाकडे येत असतं, तेव्हा कूपनलिकांमध्ये तलावाचं पाणी २५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं. पावसाळा सोडून बाकीच्या काळात हाच वाटा ८० टक्क्यांपर्यंत जातो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण गोष्टीतली खरी अडचण याच्यातच आहे. त्याआधी बर्लिनला एक चक्कर मारू. तिथं हाच प्रयोग शंभराहून जास्त वर्षं आणि अख्ख्या महानगरासाठी चालू आहे.

बर्लिन आपल्याच तलावांखालचं पाणी पितं

बर्लिनमध्ये साडेतीन कोटी नाही, पण पस्तीस लाखांहून जास्त लोक राहतात आणि त्यांच्या नळाला येणारं सगळं पाणी जमिनीखालून येतं. त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा म्हणजे शहरातल्या नद्या आणि तलावांच्या काठातून गाळून आलेलं पाणी. उपसलेल्या पाण्यात हवा मिसळतात, लोह आणि मँगनीज काढून टाकायला ते वाळूतून गाळतात आणि सोडून देतात. क्लोरीन सहसा घालतच नाहीत! आपल्याला हे ऐकून धक्का बसतो, कारण क्लोरीनचा वास हीच आपल्याकडे नळाच्या पाण्याची ओळख.

हे काही पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं. टेगेल नावाच्या तलावाकाठी १८७७ मध्ये जलकेंद्र सुरू झालं ते विहिरींच्या पाण्यावर. थोड्याच दिवसांत नळाला तपकिरी, धाग्यांचे पुंजके असलेलं पाणी यायला लागलं. भूजलात विरघळलेल्या लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा तो प्रताप होता. लोक वैतागले, विहिरी बंद झाल्या आणि जलकेंद्रानं थेट तलावाचं पाणी घेऊन ते वाळूतून गाळायला सुरुवात केली. पुढे पाण्यात हवा मिसळून लोह वेगळं काढायचं तंत्र हाती आलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिन पुन्हा विहिरींकडे वळलं.

पण भूजलात लोह येतं कुठून? हेही काठगाळणीचंच फळ आहे. जमिनीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाताना प्राणवायू वापरतात. तो संपला की नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. तोही संपला की मातीतलं मँगनीज आणि लोह पाण्यात विरघळायला लागतं. म्हणजे तलाव जितका घाण, तितकं जिवाणूंना खाणं जास्त, तितका प्राणवायू लवकर खलास आणि तितकं लोह पाण्यात जास्त. गाळणी घाण आत घेते आणि वेगळ्या रूपात थोडी परत करते.

टेगेल तलावापासून साधारण शंभर मीटरवरच्या विहिरींपर्यंत पाणी यायला काही महिने लागतात. म्हणजे दिवसाला एक मीटरही नाही. गोगलगाय याहून जोरात पळते. आणखी एक गंमत म्हणजे हे पाणी तलावाच्या खोल भागातून मुरतच नाही. खोल भागात गाळाचा घट्ट लेप बसलेला असतो. पाणी शिरतं ते काठालगतच्या उथळ, वाळूच्या पट्ट्यातून, जिथं लाटा गाळ बसू देत नाहीत. नदीला पूर येतो आणि तळ खरवडून निघतो, तलावाला ती सोय नाही. म्हणून तलावाचा काठ काँक्रीटनं बांधून काढला किंवा राडारोड्यानं बुजवला, तर नेमकं गाळणीचं तोंडच बंद होतं.

शहराच्या फाळणीच्या काळात पश्चिम बर्लिनला तर या गाळणीशिवाय पर्यायच नव्हता. चहूबाजूंनी वेढलेलं शहर, पाणी आपल्याच हद्दीतून घ्यायचं. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तलावांकडे जाणार, तेच मुरून पुन्हा विहिरीत येणार. मग तलावाची काळजी घेणं आलंच. टेगेल तलावात येणाऱ्या पाण्यातलं फॉस्फरस काढून टाकायला १९८५ मध्ये त्याच्या तोंडाशी एक वेगळं केंद्रच बांधलं. जमीन पाणी साफ करेल म्हणून तलाव घाण राहिला तरी चालेल, असा हिशेब बर्लिननं केला नाही.

गाळणीतून काय सुटतं?

बरंच काही. खारटपणा जात नाही. फ्लोराइड जात नाही, उलट खडकात असेल तर पाण्यात येतं. आर्सेनिक असलेल्या गाळात प्राणवायू संपला तर तेही विरघळू शकतं.

औषधांचं तर वेगळंच. १९९० च्या दशकात बर्लिनमधल्या संशोधकांना नळाच्या पाण्यात क्लोफिब्रिक आम्ल अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडलं. रक्तातली चरबी कमी करणाऱ्या एका जुन्या औषधाचा तो शरीरातून बाहेर पडणारा अंश. माणसानं गोळी घेतली, ती लघवीतून सांडपाण्यात, तिथून तलावात, जमिनीतून विहिरीत आणि पुन्हा पेल्यात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं जमिनीतल्या प्रवासात बऱ्यापैकी कमी होतात. पण फिट्सवर दिलं जाणारं कार्बामाझेपिन जवळजवळ तसंच आरपार येतं. प्रमाण उपचाराच्या डोसच्या तुलनेत नगण्य असतं, घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण जमिनीतल्या जिवाणूंना जे खाता येत नाही ते ती अडवत नाही, इतकं यातून कळतं.

मग हे आपल्याकडे का होत नाही?

होतं की, पण लहान प्रमाणात. उन्हाळ्यात नदी आटल्यावर पात्रातल्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. काही भागांत त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. बाजूच्या डबक्यात गढूळ पाणी असतं आणि हातभर अंतरावरच्या झिऱ्यात नितळ. तत्त्व तेच.

मोठ्या प्रमाणावर करायचं तर जाड वाळूचा थर लागतो, आणि घोडं अडतं ते इथं. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर उभा आहे. बेसाल्टमध्ये पाणी असतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. भेगेतून पाणी गाळलं जात नाही, नुसतं धावतं. वरच्या डबक्यातली घाण दोन दिवसांत खालच्या विहिरीत येऊ शकते. म्हणून गावतळ्याशेजारच्या विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी ते तपासल्याशिवाय पिऊ नये. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, पण पूर्णेच्या काठचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजलच खारं.

उत्तरेत मात्र गंगेच्या गाळानं हा प्रश्न सोडवलेला आहे. हरिद्वारला गंगेच्या आणि कालव्याच्या काठी मोठ्या व्यासाच्या विहिरी आहेत आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा त्यातून येतो. यात्रेच्या दिवसांत नदीत लाखो लोक डुबकी मारत असतात, तरी काठावरच्या विहिरी चालू राहतात.

आता तो ८० टक्क्यांचा आकडा

कूपनलिकेतलं पाणी स्वच्छ असतं, त्यामुळे ते वेगळं, जमिनीतलं, जणू फुकटचं आहे असं वाटायला लागतं. पण पावसाळा सोडून बाकीच्या काळात त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत पाणी तलावाचं असेल, तर कूपनलिका उपसणं म्हणजे तलावच उपसणं. गाळणी पाणी साफ करते, नवीन पाणी तयार करत नाही.

नैनीतालला हे २०१७ च्या उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी दिसलं. हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस दोन्ही कमी पडले होते आणि तलावाची पातळी नेहमीपेक्षा सुमारे १८ फूट खाली गेली. काठानं मातीचे कोरडे पट्टे उघडे पडले, नाल्यांच्या तोंडाशी साचलेल्या गाळाचे ढीग वर आले. एप्रिल ते जून हा तिथला पर्यटनाचा हंगाम, म्हणजे पाण्याची मागणी सर्वांत जास्त तेव्हा, आणि डोंगरातून येणारं भूजल सर्वांत कमीही तेव्हाच. शहरात पाणीकपात झाली. पाऊस आल्यावर पातळी सावरली, पण त्या वर्षीचे फोटो बघितलेल्या नैनीतालकरांना गेज बघायची सवय लागली.

मग तलावात पाणी येतं कुठून, हा पुढचा प्रश्न. काही नाल्यांतून, काही जमिनीखालून. जमिनीखालच्या पाण्याचा मोठा वाटा ज्या जागेकडून येतो, असं अभ्यासक सांगतात, ती जागा पर्यटकांच्या नकाशावर जवळजवळ नाहीच. तिचं नाव सूखाताल. नैनी तलावापासून थोडं वर, डोंगरांच्या कुशीत एक खळगा आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि नंतर कोरडा पडतो, म्हणून सूखा. कोरडा पडतो म्हणजे पाणी नाहीसं होत नाही, ते मुरून खालच्या तलावाकडे जातं. सूखाताल हा नैनी तलावाचा पाझर तलावच म्हणा.

पण वर्षातले कित्येक महिने कोरडी असणारी जागा शहराला रिकामी वाटते. तिथं राडारोडा टाकला गेला, कडेनं बांधकामं झाली, गाड्या उभ्या राहायला लागल्या. नंतर तिचं सुशोभीकरण करून बारमाही पाणी दिसेल असा तलाव करायची योजना आली. वर्षभर पाणी साठून राहायचं तर ते मुरणं थांबवावं लागणार, आणि अडचण नेमकी ही. स्थानिकांच्या तक्रारीवरून उत्तराखंड उच्च न्यायालयानं या प्रकरणात स्वतःहून लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये तिथल्या कामाला स्थगिती दिली. न्यायालयापुढचा मुद्दा थोडक्यात असा होता, की सूखातालला तळाशी अस्तर घातलं तर वरचा तलाव सुंदर दिसेल, पण खालच्या तलावाला, आणि पर्यायानं फ्लॅट्सच्या आसपासच्या त्या कूपनलिकांना, पाणी कुठून मिळणार?